तळ्यातल्या फळ्या

सासऱ्यांच्या बागेतल्या तळ्याचं काम सुताराने घेतलं, तेव्हाच बायकोने बजावलं होतं, बाबांच्या माशांना काही झालं तर माहेरचं दार दोघांनाही बंद. सासऱ्यांनी जावयाला आजवर कधी बरं म्हटलं नव्हतं. काम दिलं हेच खूप होतं.

तळ्याच्या काठची माती ढासळत होती. ती अडवायला पाण्याखाली फळ्या लावायच्या होत्या. कीड लागू नये म्हणून लाकडाला औषध पाजतात, तसलं लाकूड इथे चालणार नव्हतं. औषध पाण्यात उतरलं की मासे गेलेच. फळी सागाच्या गाभ्याची आणि कोरी हवी. वखारवाल्याने फळ्या कोऱ्याच असल्याची गळ्याची शपथ घेऊन जुन्या, करड्या पडलेल्या फळ्या दिल्या. सुताराने त्या डोळे झाकून आणल्या.

फळ्या बसल्या, तळं भरलं. सासरे टबात काढून ठेवलेले मासे जाळीने उचलू लागले. पहिली आली ती मावशी नावाची मासोळी. जेवायला सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून हे नाव. एवढ्यात सुताराने कोपऱ्यात पुढे आलेली फळी करवतीने कापली. कापलेल्या तोंडाला कडेने हिरवट पट्टा होता. औषध आत मुरलं होतं.

गप्प बसलं तर आत्ता कुणाला कळणार नव्हतं. जाळी पाण्याला टेकली होती.

"बाबा, सोडू नका."

"का?"

"फळ्यांना औषध आहे. कापून बघायला हवं होतं मी. बघितलं नाही."

सासऱ्यांनी मावशीला परत टबात सोडलं. त्यांनी पायजमा खोचला आणि ते तळ्यात उतरले. दोघांनी फळ्या उपसल्या, पाणी काढलं, तळ घासला, विहिरीचं पाणी पुन्हा सोडलं. तोवर ऊन चढलं. टबातले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सुतार मध्येच धावत जाऊन तांब्याने टबातलं पाणी ढवळायचा.

शेवटी मासे तळ्यात गेले. एक मासा तेवढा वाचला नाही. तो सासऱ्यांनी स्वतः जास्वंदीखाली पुरला.

दुसऱ्या दिवशी सुतार वखारीकडे निघाला, तर सासरे न बोलावता सोबत आले. प्रत्येक फळीचं टोक आधी कापून दाखव, असं सुताराने वखारवाल्याला सांगितलं. तो कुरकुरला आणि वडीलधाऱ्या माणसाकडे आशेने बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" सासरे म्हणाले. "मी फळी धरायला आलोय. पसंत करायचं काम जावईबापूंचं."