डावा मोठा, उजवा लहान

“एका बुटाचे पूर्ण पैसे देतो,” मास्तर म्हणाले, “पण दुसरा चांगला बोटभर लहान आहे. त्याला चामडं कमी लागणार. तेवढे कमी करायला सांगा.”

झेरॉक्सवाल्या ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “कुणाला सांगू? या मशिनला?”

“दुकानदाराला.”

“दुकानदार समुद्रापलीकडे आहे, मास्तर. आत्ता तिकडे सगळे झोपले असतील.”

“मग उठल्यावर सांगा.”

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि ताईंचं झेरॉक्स-इंटरनेटचं दुकान त्याला लागूनच. मास्तर घासाघीस करण्यात पटाईत. अस्तरवाल्याला आणि बटणवाल्याला ते रडकुंडीला आणत. पण इथे घासाघीस करायला समोर माणूसच नव्हता आणि त्यामुळे त्यांची मोठी पंचाईत झाली होती.

मास्तरांची बायको डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि घरात भांडण नसेल तेव्हा मास्तरही. तिचं डावं पाऊल उजव्यापेक्षा जन्मापासूनच मोठं. बूट मात्र जोडीने मिळतात आणि जोडीतले दोन्ही सारखे असतात. म्हणून ती आयुष्यभर डाव्याच्या मापाचा जोड घेत आली आणि उजव्यात कापूस कोंबत आली. दोन-चार फेऱ्या झाल्या की कापूस चेपायचा आणि उजवा बूट फरशीवरून ओढत यायचा. टप... सर्र. टप... सर्र. या महिनाअखेरीला ती रिटायर होणार होती. अख्ख्या गावाची मापं आपण घेतली, कुणाची बाही तोकडी पडू दिली नाही, आणि घरच्या माणसाच्या पायात धड बूट नाही, हे मास्तरांच्या मनाला फार लागलं होतं. निदान शेवटच्या दिवशी तरी तिने मापाच्या बुटात चालावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दोन पायांना दोन मापांचे बूट देणारं दुकान परदेशात आहे, हा शोध ताईंचा.

“आता नीट ऐका,” ताई म्हणाल्या. “बूट विमानाने आणायचे तर भाडं बुटांपेक्षा जास्त.”

“खिडकीजवळची जागा देतात का बुटांना?”

“बोटीने आणले तर भाडं थोडं. पण दोन महिने तरी लागतील.”

“तोवर ती घरी बसेल. मधलं काही?”

“मधलं म्हणजे तिकडच्याच एका गोदामाचा पत्ता द्यायचा. ते चारचौघांचं सामान एका खोक्यात भरतात आणि भाडं सगळ्यांत वाटलं जातं. पण बाकीच्यांचं सामान जमेपर्यंत आपले बूट तिथे बसून राहणार.”

“बसून राहायला कशाला घेऊ? चालायला हवेत. विमानानेच येऊ द्या.”

“वर इकडचा कर. तो आत्ताच भरायचा की पार्सल दारात आल्यावर? नंतर भरायचा तर किती सांगतील त्याचा नेम नाही.”

“मग वर ‘भेट’ असं लिहा ना. भेटच आहे ती.”

“भेट तुम्ही देताय, मास्तर. दुकानदार तुम्हाला विकतोय.”

हा मास्तरांना आपल्या भावनेचा अपमान वाटला. पण ताईंपुढे बोलण्यात अर्थ नव्हता. कर आत्ताच भरायचं ठरलं.

“आणि परत करायचे झाले तर जाण्याचं भाडं आपलं. भरलेला कर गेला असंच समजा.”

“परत कशाला करू?” मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “माप माझ्या हातचं आहे.”

ते माप त्यांनी मोठ्या हिकमतीने मिळवलं होतं. रात्रपाळी करून सिस्टर दुपारी गाढ झोपली असताना ते टेप घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. टेप गार लागला तशी ती झोपेतच म्हणाली, “आजोबा, डोळा मिटून घ्या.” मास्तरांनी घाबरून मिटला. मग दुसऱ्या डोळ्याने बघत माप पुरं केलं. आता ताईंनी चिठ्ठीवरचे आकडे वाचले, खटाखट भरले आणि मास्तरांनी पैसे मोजले. शिलाई मशिनला मोटार बसवायची म्हणून बाजूला ठेवलेले होते ते. म्हणजे पाय मारणं आता काही सुटत नव्हतं. पण मास्तर खुशीत होते.

पार्सल आलं ते सिस्टरच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. खोक्यावर इतके शिक्के होते की शेजारच्या ताईही बघायला आल्या.

“अहो, हे काय?” सिस्टरने विचारलं.

“उघड तर.”

तिने बूट बाहेर काढले. पांढरे, मऊ, एक मोठा आणि एक लहान. ती बघतच राहिली. मग तिची नजर मशिनच्या पायपट्टीकडे गेली आणि सगळा हिशेब तिच्या ध्यानात आला.

“मोटार पायात घालू का मी?” ती म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता.

तिने डावा बूट उचलला आणि पाय घातला. टाच आत जाईना. मास्तरांनी ओढून पाहिलं, ताईंनी ढकलून पाहिलं. मग तिने उजवा घातला. त्यात पाय गेला आणि शिवाय पुष्कळ जागा उरली.

“अहो, मोठा पाय कुठला माझा?”

“डावा. मला विचारतेस?”

“मग मोठा बूट उजवा का?”

ताईंनी जाऊन चिठ्ठी आणली. तिच्यावर मोठ्या आकड्यापुढे स्वच्छ अक्षरात ‘उजवा’ लिहिलं होतं. मास्तर मटकन खाली बसले. कापड नेहमी उलट्या बाजूने आखायचं आणि लिहिलेलं डावं ते अंगावरचं उजवं धरायचं, ही त्यांची उमेदवारीपासूनची सवय. हाताने पायांचं मापही त्याच वळणाने लिहून टाकलं होतं. त्यांच्या दुकानात ते बरोबर ठरलं असतं. समुद्रापलीकडच्या माणसाला ते कुठून कळणार?

“म्हणजे मी पाय उलटे करून घालायचे?” सिस्टर म्हणाली आणि हसत सुटली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. ताईही हसल्या. मास्तर हसले नाहीत. एकच दिवस मागितला होता त्यांनी आणि तोही आपल्याच हाताने घालवला होता.

“उजवा पाय मोठा असलेलं एखादं गिऱ्हाईक बघा,” ताईंनी जाता जाता सुचवलं. तेव्हापासून मास्तर लोकांचे खांदे सोडून पाय बघू लागले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात निरोपाचा छोटा कार्यक्रम होता. मास्तर लवकर पोचले आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकले. बाकावर मोतीबिंदूचे पेशंट ओळीने डोळे मिटून बसले होते. थेंब थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा घालत आणि मध्ये डोळे उघडायचे नाहीत, असा तिथला नियम होता.

“तुमचा कितवा डोळा?” शेजारच्या म्हाताऱ्याने डोळे न उघडताच विचारलं.

“माझे दोन्ही चांगले आहेत.”

“मग बाक कशाला अडवलाय?”

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून आवाज आला. टप... सर्र. मास्तरांनी शरमेने मान खाली घातली. टप... सर्र. मान वर करून बघतात तर अख्ख्या ओळीने माना मागे टाकलेल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने हनुवटी वर करून तोंड छताकडे धरलं होतं आणि सगळे निवांत थेंबांची वाट बघत होते.

“सिस्टर आल्या,” म्हातारा म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पायावरून. मागच्या डोळ्याच्या वेळीही ह्याच होत्या. बाकीच्या पोरी मांजरासारख्या येतात आणि एकदम थेंब टाकतात. जीव दचकतो हो. ह्या येतात त्या आधी कळवून येतात.”

सिस्टर ओळीतून थेंब घालत गेली. मास्तरांना बघून तिने नुसत्या भुवया उंचावल्या आणि ती पुढे गेली. त्या बुटांना आपण मनातल्या मनात किती वर्षं शिव्या घातल्या, हे मास्तरांना आठवलं. चिठ्ठी चुकली नसती तर आज ही सगळी ओळ दचकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मशिनवर बसले. सिस्टरची ड्यूटीवर निघायची वेळ झाली आणि टळून गेली. आत ती अनवाणी वावरत होती. घरात कसलाच आवाज नव्हता. मास्तरांचा पाय पट्टीवर थांबला.

“अगं, बूट घाल ना,” त्यांनी आत हाक मारली.

“कुठे जायचंय?”

“कुठे नाही. चहा आण. बूट घालून आण. जुने.”

“रिटायर मी झालेय आणि डोकं तुमचं फिरलंय.”

 मग आतल्या खोलीतून आवाज निघाला. टप... सर्र. टप... सर्र. मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांची मान आपोआप मागे गेली.

“चहा आहे, थेंब नाहीत,” सिस्टर जवळ येऊन म्हणाली. “उघडा डोळे.”

मास्तरांनी कपासाठी हात पुढे केला. डोळे मात्र उघडले नाहीत.