टेबलाला बांधलेला कोंबडा

आमच्या सासूबाई, रतनबाई, हुकूम सोडण्यात पटाईत. दुसऱ्याचा हुकूम पाळणं मात्र त्यांच्या रक्तातच नाही. सासऱ्यांनी आयुष्यभर प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला. त्यामुळे कापणीच्या सणाला चर्चमध्ये जे घडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

आधी भांडण सांगते. सोनईजवळच्या आमच्या गावात आमची आणि चांगुणाकाकूंची भिंत एकच. उन्हाळ्यात काकूंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या आणि आमच्या कोंबड्यानं त्यांवर ताव मारला. काकूंनी काठी फेकली, कोंबडा लंगडा झाला. मग दोघींनी एकमेकींचं काय काय काढलं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून अबोला.

यात मेले ती मी. गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालतात त्या चांगुणाकाकू. माझ्या नवऱ्यालाही त्यांनीच घातलं होतं. आणि माझ्या लेकीच्या नशिबी सासूबाई! पोर रडून लालबुंद व्हायची, मीही कोपऱ्यात जाऊन रडून घ्यायचे. भिंतीपलीकडं काकूंना सगळं ऐकू जायचं.

सणाला सगळ्यांनी दान आणलं होतं. बाजरी, भोपळे, ऊस. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. सासूबाईंनी नेमका तोच लंगडा कोंबडा आणला. पाळकसाहेबांनी येशूचं वचन वाचलं, की दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

हे आम्ही दरवर्षी ऐकतो आणि ऐकून भोपळे पुढं ठेवतो. पण सासूबाई कोंबडा काखेत मारून उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, त्यात भाऊ म्हनलंय. शेजारीन धरायची का?"

"धरायची, रतनबाई."

"ती आपल्या चर्चची नसली तरी?"

"तरीसुद्धा."

"आन् चूक तिचीच असली तर?"

सगळे हसले. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. "चूक कुणाची, ते येशूनं विचारलेलंच नाही," ते म्हणाले.

सासूबाईंनी जरा विचार केला. मग पुढं जाऊन कोंबडा दानाच्या टेबलाच्या पायाला बांधला आणि चपला घालून निघाल्या. लेकीला उचलून मी मागं धावले.

चांगुणाकाकू अंगणात बाजरी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"माफी मागायला आलेय," सासूबाई म्हणाल्या. "मनातनं न्हाई आले. सांगितलंय म्हनून आले."

"कुनी सांगितलं?"

"येशूनं."

"आन् तू ऐकलंस? तू?" काकूंनी सूप खालीच ठेवलं.

"आजपातुर त्याचंबी अर्धंच ऐकत हुते. पर लई दिवस झाले, चांगुणे. भिंतीकडं बघून बोलायचा कंटाळा आला."

हे मात्र मनातून आलं होतं. काकूंनी पदरानं डोळे पुसले. "काठी फेकायला नको हुती मी," त्या म्हणाल्या. "कुठंय त्यो?"

"चर्चमधी बांधलाय. तुज्याशी बोलल्याबिगर देता येत न्हाई."

"मग चल की बाई! लोकं खोळंबली असतील."

खोळंबली होतीच. पाळकसाहेबांनी दान स्वीकारायचं थांबवून ठेवलं होतं, मंडळी तेच भजन पुन्हा म्हणत होती आणि कोंबडा मध्येच आरवून सूर बिघडवत होता. दोघी दारात दिसल्या तशा टाळ्या वाजल्या. मला एवढा आनंद झाला की मी लेकीचे मुकेच घेत सुटले.

लिलावात कोंबड्यावर पहिली बोली काकूंचीच. "कोंबडा माजा," त्यांनी ठणकावलं. "माज्या कुरडया खाऊन वाढलाय, दुसरं कोन नेतंय?" कुणाची छाती होती बोली वाढवायची!

मग कोंबडा सासूबाईंच्या हातात देऊन काकूंनी माझी लेक घेतली. तिच्या टाळूवरून हात फिरवला, कानामागं बघितलं. "काय गं ही दशा! कोन घालतं हिला अंगूळ?"

मला वाटलं, आता पुन्हा पेटणार.

"मीच," सासूबाई म्हणाल्या.

"दिसतंयच. उद्या पानी चांगलं कढत ठेव, मी येते."

सासूबाईंनी लंगडा कोंबडा काखेत मारला.

"ठेवते," त्या म्हणाल्या.