आठवरून तीनवर

मंगळवारी सकाळी साडेनऊला फेली मावशी मुलाच्या दंडाला धरून डॉक्टर गिरगिस यांच्या दवाखान्याचा जिना चढून वर आल्या. काउंटरवरच्या रोवेनाने नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, आज दुखणं किती? शून्य ते दहा?"

मावशींनी आधी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चार म्हण."

"चार!" जेरिकोचा चेहरा खुलला. "मागच्या मंगळवारी पाच होतं ना, रोवेनाताई? बघ आई, उतरतंय!"

"उतरतंय रे बाबा. तू पळ आधी, गाडी रस्त्यात उभी आहे. दंडाची चिठ्ठी चिकटवतील, मग माझं दुखणं दहावर जाईल."

तिघंही हसले. रोवेनाने चौकटीत चार लिहिलं. जेरिको दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. मावशी मात्र खुर्चीवर बसताना आधी डावा हात टेकून, श्वास रोखून, मग हळूच बसल्या. रोवेनाने ते पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

फेलिसिदाद मॅगपांताय हे मावशींचं पूर्ण नाव, पण जर्सी सिटीतल्या अख्ख्या फिलिपिनो वस्तीला त्या मावशीच. वय एकसष्ट. बेयॉनमध्ये मिसेस डॉनेली नावाच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं हे त्यांचं अकरा वर्षांचं काम, एका एजन्सीमार्फत मिळालेलं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी जेरिको त्यांना चर्चला घेऊन निघाला होता. केनेडी बुलेव्हार्डवर लाल दिव्याला गाडी उभी असताना एका सामानाच्या व्हॅनने मागून धडक दिली. पोराची काडीची चूक नव्हती. पण त्याला काही खरचटलंही नाही आणि आईची मान धरली, एवढं त्याला पुरलं. पंधरा दिवस तो धड जेवला नाही. "दोन मिनिटं उशिरा निघालो असतो तर?" हेच दिवसरात्र. एकुलता एक, बापाविना वाढवलेला. त्याला घास जावा म्हणून आईने दुखण्याचा आकडा उतरवायला सुरुवात केली. आठाचे सहा, सहाचे पाच, पाचाचे चार.

आणि हे रोवेनाला माहीत होतं बरं का! तीही मावशींच्याच मुलखातली, तिची आईही अशीच तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत गेली होती. मावशी अलीकडे डाव्या हाताने सही करतात, दवाखान्यासाठी आणलेला शेवयांचा डबा बोटांत न धरता कोपराच्या खोबणीत अडकवून आणतात, हे सगळं ती बघत होती. पण कागदावर चौकट एकच होती आणि चौकटीत आकडा मागितला होता. पेशंटने सांगितलं ते लिहायचं, ही दवाखान्याची रीत. विचारायचं ते काउंटरवरच, चारचौघांत, ही पण रीतच. कुणी घातली ही रीत? कुणीच नाही. पडली आपोआप, तशीच चालू राहिली.

नवव्या आठवड्यात आकडा तीनवर आला. त्याच आठवड्यात डॉक्टर गिरगिस यांनी मावशींची बोटं तपासली. हे कैरोकडचे, मोठ्या मनाचे आणि मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी रोवेनाला आत बोलावलं. "मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असावा. एमआरआय लगेच हवा. परवानगी माग."

आता ही परवानगीची गोष्ट ऐकून ठेवा. अपघात कुणाच्याही चुकीने होवो, उपचाराचा खर्च आपल्याच गाडीच्या विमा कंपनीने द्यायचा, असा या राज्याचा कायदा. कायदा चांगला आहे. पण उपचार गरजेचा आहे की नाही, हे कंपनीने नेमलेला डॉक्टर ठरवतो. तो पेशंटला बघत नाही, हात लावत नाही, नाव विचारत नाही. कागद वाचतो आणि सही करतो. नाडी न धरता निदान करणारे हे धन्वंतरी!

आठव्या दिवशी नकार आला. "रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार वेदना आठवरून तीनवर आलेली आहे. सुधारणा समाधानकारक. एमआरआय अनावश्यक."

रोवेनाने पत्र तीनदा वाचलं. आठ तिच्या हातचं होतं, तीनही तिच्याच हातचं.

अपिलाला तीस दिवस होते. ठरलेला अर्ज, ठरलेला पत्ता. एक रकाना रिकामा राहिला तरी अपील न वाचता परत. रोवेना या कामात मुरलेली बाई. चौदा वर्षं तिने अशी अपिलं लिहिली होती. तिने डॉक्टरांची तपासणी जोडली, बोटांची ताकद निम्म्यावर आल्याचं मोजमाप जोडलं. आणि मावशींना आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"मावशी, आता खरं सांगा. इथे माझ्याशिवाय कुणी नाही."

"सांगितलंय की. तीन."

"मागच्या मंगळवारी तुमच्या हातून कप पडला. आज स्वेटरची बटणं मी लावली. हे तीन आहे?"

मावशींनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. "आठ लिहिलंस तर एजन्सीला कळेल. मला घरी बसवतील. मिसेस डॉनेली दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही, ठाऊक आहे तुला?"

"आणि जेरिको?"

"त्याचं नाव काढू नकोस." मावशींनी तिला अडवलं. "आत्ता कुठे पोरगं दोन घास जेवायला लागलंय. नऊ आठवड्यांनी त्याला सांगू का, की बाळा, तुझी आई रोज खोटं बोलत होती? नाही गं. माझी मान गेली तर जाऊ दे. त्याचं मन नको जायला."

रोवेनाला रडू आलं आणि रागही आला. कुणावर काढायचा तो राग? खोटं बोलणाऱ्या आईवर? की ते खोटं खाली मान घालून लिहून घेणाऱ्या स्वतःवर?

तिने एकट्या मोजमापाच्या जोरावर अपील धाडलं. चौदाव्या दिवशी उत्तर आलं. "नऊ आठवडे उपचार करूनही बोटांची ताकद वाढलेली दिसत नाही. अर्थात उपचारांचा उपयोग नाही. एमआरआय नामंजूर. यापुढील उपचारही नामंजूर."

"अहो डॉक्टर!" रोवेना ओरडलीच. "पहिल्या पत्रात म्हणतात बाई बरी झाली म्हणून नको. दुसऱ्यात म्हणतात बरी होत नाही म्हणून नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग माणसाने नेमकं किती दुखवून घ्यायचं असतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "उपचार थांबवायचे नाहीत. बिलाचं आपण लवादापुढे भांडू. पण एमआरआयचं यंत्र माझ्याकडे नाही, रोवेना."

मावशींना आरोग्य विमा नव्हता. एजन्सी देत नसे. रोवेनाने मोठ्या इस्पितळाच्या धर्मादाय योजनेचे अर्ज भरले. पगाराचे दाखले, भाड्याची पावती, जेरिकोचे कर भरल्याचे कागद. तारीख मिळाली फेब्रुवारीची सव्वीस.

जानेवारीच्या एकोणीस तारखेला सकाळी सहा वाजता मावशी कामाला निघाल्या. घराच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ गोठलं होतं. पाय सरकला. कठडा हाताशी होता, हातही कठड्यावर पडला होता, पण बोटांनी पकडलं नाही. जेरिको आवाज ऐकून अनवाणी धावत आला, तेव्हा मावशी खालच्या पायरीवर पडल्या होत्या आणि म्हणत होत्या, "काही नाही झालं रे. तू आधी पायात काही घाल."

त्या दिवशी मात्र इस्पितळात एमआरआय तासाभरात झाला. परवानगी मागायला कुणी थांबलं नाही. दाबाखाली मज्जारज्जू चिरडत आला होता. शस्त्रक्रिया सात तास चालली. सर्जन बाहेर येऊन जेरिकोला म्हणाले, "जीव वाचला. उजवा हात बहुधा परत येणार नाही. हे जुनं आहे, पडण्यामुळे एकाएकी झालेलं नाही. महिनाभर आधी कळलं असतं, तर..." जेरिकोने भिंतीवर डोकं आपटलं. रोवेनाने त्याला धरलं.

जूनमध्ये लवादाची सुनावणी झाली, फोनवरच. डॉक्टरांच्या खोलीत टेबलावर फोन ठेवून रोवेना आणि डॉक्टर बसले. डॉक्टर आधीच म्हणाले होते, "विचारतील तेवढंच उत्तर दे. तुला आधीपासून माहीत होतं, असं म्हणू नकोस. सगळी नोंदवहीच खोटी ठरवतील. तुझी नोकरीही राहायची नाही, माझा दवाखानाही."

कंपनीची वकीलबाई फार सौजन्याने बोलत होती. "हे आकडे कुणी लिहिले? आठ, सहा, पाच, चार, तीन?"

"मी लिहिले."

"रुग्णानेच सांगितलेले?"

"हो."

"म्हणजे रुग्णाला बरं वाटत होतं, असं नोंदवणाऱ्या व्यक्तीचंही मत होतं?"

डॉक्टरांनी मान हलवून खूण केली. रोवेनाने ती पाहिली. आणि तरी ती बोलली.

"नाही. मला ठाऊक होतं की आकडा खोटा आहे. मी तिच्याच मुलखातली. तिचा मुलगा शेजारी उभा असायचा, गाडी त्याने चालवली होती. आई त्याच्यासाठी आकडा उतरवायची आणि मी लिहून घ्यायचे. ती माझी चूक, तिची नाही. मला शिक्षा करा. पण बाईसाहेब, डॉक्टरांनी तिची बोटं मोजली होती, तो कागद तुमच्या कंपनीला मी पाठवला होता. तुमच्या डॉक्टरांनी एकदा, फक्त एकदा तिला म्हटलं असतं की माझा हात दाबा, तर त्यांना पाच सेकंदांत कळलं असतं."

 लवाद म्हणाले, "नोंद घेतली आहे."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. नामंजुरी चुकीची होती. नऊ आठवड्यांनंतरचे सगळे उपचार गरजेचे होते. दवाखान्याचं पूर्ण बिल कंपनीने व्याजासकट द्यावं. एमआरआयही मंजूर करायला हवा होता, असं एक वाक्य शेवटी होतं. बैल गेला आणि झोपा केला! डॉक्टरांनी रोवेनाला कामावरून काढलं नाही; उलट त्या दिवशी ते तिच्यासमोर उभे राहून ओक्साबोक्शी रडले. आकडा विचारायची खुर्ची दुसऱ्याच दिवशी आतल्या खोलीत गेली, दाराआड. पण निकालपत्रात मावशींसाठी काय होतं? काही नाही. अपील दवाखान्याचं होतं, बिलही दवाखान्याचं. हाताबद्दल अपील करण्याचा रकाना त्या अर्जात नव्हता.

रविवारी चर्च सुटल्यावर रोवेना मावशींकडे गेली. स्वयंपाकघरात खिडकीपाशी त्या बसल्या होत्या, काठी भिंतीला टेकवलेली. जेरिकोने तांदळाचा केक विकत आणून कापून ठेवला होता. पूर्वी तो मावशी घरी करायच्या.

"जिंकलात ना? बरं झालं बाई," मावशी म्हणाल्या. "माझ्यापायी डॉक्टरांचं नुकसान झालं असतं, तर मला मरणसुद्धा नीट आलं नसतं. खा, खा."

रोवेनाने केकची बशी पुढे ओढली. जेरिको बर्फ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. खालचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत मावशी थांबल्या.

"रोवेना," त्या अगदी हळू म्हणाल्या, "फार दुखतं गं. हात मेलाय म्हणतात, मग आग कशी होते? रात्री उशी चावून पडून राहते मी."

"किती, मावशी?" जिभेला वळण पडलेलं, शब्द निघून गेला.

मावशींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "आता कुठे लिहिणार आहेस?"

रोवेनाला वाटलं, जमीन दुभंगावी. मग तिने पर्समधून वही काढली. पुढच्या महिन्यात ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत, विमा खातं लोकांचं म्हणणं ऐकणार होतं. पेशंटला न पाहता उपचार नाकारण्याची ही पद्धत चालू ठेवायची की नाही, यावर. तिथे नाव नोंदवून ती आली होती, पण बोलायचं काय, ते अजून ठरलं नव्हतं.

"सांगा," ती म्हणाली. "आकडा नको. पहिल्या दिवसापासून जसं झालं तसं सांगा. मी सगळं लिहिते आणि तिथे उभी राहून वाचते."

मावशी सांगू लागल्या. आधी अडखळत, मग धडाधड. मिसेस डॉनेलीला उचलताना डोळ्यांपुढे यायची ती अंधारी. सुन्न पडलेली बोटं. भाजूनही न कळलेला हात. चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर मानेतून निघायची ती कळ, आणि शेजारी बसलेल्या पोराला कळू नये म्हणून मोठ्याने म्हटलेली गाणी. रोवेनाचा पेन थांबत नव्हता.

दार उघडलं. बर्फाची पिशवी हातात घेऊन जेरिको उंबऱ्यावर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मावशींनी त्याला पाहिलं. ओठांवर नेहमीचं हसू यायला लागलं, आणि अर्ध्यावरच थांबलं.

"बस," त्या त्याला म्हणाल्या. "हे तूही ऐक." आणि पुढे सांगू लागल्या.