अर्थ क्रमांक तीन

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट दुखेल. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाने दीड हजारांच्या वर आहेत आणि कणा चिकटपट्टीने कसाबसा धरून ठेवलेला आहे.

छापखान्यातल्या एका बाईने मला सुईदोऱ्याने शिवले. शिवून झाल्यावर तिने मला मधोमध उघडले, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मगच गठ्ठ्यात ठेवले. माझे पहिले कौतुक ते. पुढे मला आत्याने विकत घेतले. ती भाषांतराची कामे करायची. यंत्रांची माहितीपत्रके असोत नाहीतर कोर्टाचे कागद, सगळे तिच्या टेबलावरून मराठीत होऊन जायचे. घरातली मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वीस वर्षे मी तिच्या उजव्या कोपराशी उघडा पडून होतो. "हा नसता तर माझं काही खरं नव्हतं," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मी मनात फुगून जाई.

काही शब्दांवर तिचा विशेष जीव होता. त्यांतलाच एक 'मॅनिफेस्टेशन'. एकदा तिने तो आपल्या भावाला वाचून दाखवला.

"दादा, ऐक. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात. त्यावरून हा शब्द आला. हाताला लागलेलं, रंगेहाथ सापडलेलं, म्हणून उघड झालेलं. शब्दाचा पुढचा तुकडा कुठून आला, यावर मात्र पंडितांचं अजून जमत नाही. आणि अर्थ तरी किती. एक, आतलं बाहेर साकार होणं. दोन, रस्त्यावर उतरून केलेलं निदर्शन. तीन, आजाराचं बाहेर दिसू लागलेलं लक्षण."

दादाचे केस कापायचे दुकान होते. त्याने ऐकून घेतले आणि चहा थंड झाल्याची तक्रार केली.

मग घरात संगणक आला. माझी रवानगी खिडकीखालच्या फळीवर झाली. तिथे भिंतीला ओल होती. दोन-तीन वर्षे मला कोणी हात लावला नाही आणि मला कसर लागली. ते बारीक किडे पान कुरतडत असताना अंगातून एकेक शब्द कमी होत जातो. ओरडता येत नाही.

दादाची मुलगी ठकी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती आणि दादा सकाळी दुकानात जाई तो दिवेलागणीला परते. ठकी अकरा वर्षांची झाली, तेव्हा तिने मला फळीवरून ओढून काढले. वाटले, दिवस फिरले. पण तिला वही टेकवायला काहीतरी टणक हवे होते. शाळेतल्या मैत्रिणीने तिला मॅनिफेस्टेशन शिकवले होते. जे हवे ते मिळालेच आहे असे समजून रोज लिहायचे, एकवीस दिवस. ठकीने लिहिले, 'बाबा दिवसभर घरी असतात.' वही माझ्या पाठीवर होती, त्यामुळे पेनाचा दाब मला एकवीस दिवस कळत होता.

महिन्याभरात दादाने दुकान बंद केले. त्याचा उजवा हात थरथरत होता, वस्तरा धरवत नव्हता. दवाखान्यातून आल्यावर आत्या ठकीला जवळ घेऊन म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, ही थरथर म्हणजे एका आजाराचं मॅनिफेस्टेशन आहे. बाबा आता घरीच असतील."

मित्रांनो, आयुष्यभर शब्दांचे मराठी करणाऱ्या आत्याने त्या दिवशी नेमका तोच शब्द तसाच ठेवला. बहुधा तिला 'लक्षण' म्हणवले नसावे.

ठकीला त्या शब्दाचा वहीतला एकच अर्थ ठाऊक होता. तिने वही काढली आणि 'बाबा घरी नसतात' असे लिहायला घेतले. 'नसतात'पाशी ती थांबली; त्याचाही भलताच अर्थ खरा झाला तर? तिने ते एवढे खोडले की कागद फाटला. पुढचे आठ दिवस ती धड जेवली नाही. उत्तर माझ्या पोटात आहे असे मला वाटत होते आणि ती माझ्यावरच डोके टेकवून बसायची.

शेवटी दादानेच तिला बोलते केले. सगळे ऐकून त्याने ती वही मिटली.

"ठके, हात दोन वर्षांपासून थरथरतोय. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून मनगट त्याच्या खांद्यावर टेकवून कापायचो. तू लिहायच्या कितीतरी आधीपासून."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय," ती म्हणाली.

आत्याने धावत येऊन मला उघडले. "छापलेलं दाखवते तुला. तिसरा अर्थ बघ." तिने पान काढले. पहिला अर्थ होता, दुसरा अर्धा होता आणि तिसऱ्याच्या जागी भोक होते. ठकीने त्यात बोट घातले. ते पलीकडून बाहेर आले.

आत्याने पेन्सिल घेतली आणि समासात लिहिले, 'आजाराचे लक्षण.'

"आता लिहिलं म्हणून ते खरं होतं का?" ठकीने विचारले.

"नाही गं. लिहिलं म्हणून काहीच होत नाही. तुझ्या लिहिण्याने बाबांना काही झालेलं नाही."

ठकीने श्वास सोडला. मग दादाच्या हाताकडे बघत तिने हळूच विचारले, "मग बाबा बरे झाले असं रोज लिहिलं, तरीही नाही?"

आत्या माझे पान चापत राहिली. दादाने थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली घेतला. माझ्यात साठ हजार शब्द आहेत, मित्रांनो. त्यांतला एकही पुढे आला नाही.

आम्हा पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवत जा, एवढी विनंती आहे. आणि घरातले एखादे मूल एकाच शब्दापाशी गप्प बसलेले दिसले, तर त्याला त्याचा काय अर्थ लागला आहे ते विचारा. मला विचारता येत नाही.