निविदेतली अट

सविता भोये नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात खरेदी विभागात होती. पेठच्या पुढे डोंगरातल्या आश्रमशाळेतले राजू गावित सर तिला शाळेच्या साहित्याची मागणी ईमेलने पाठवत. शाळेत मोफत मिळणारा प्रोग्रॅम होता, कार्यालयात जुना विकतचा. त्यात सरांची फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत.

"वाचून दाखवा सर, मी टाइप करते."

सर फोनवर वाचत. चादरी, खडू-फळे, सोलरचे दिवे. मधेच विचारत, "जेवलात का?" सविता त्याच डोंगराकडच्या हरसूल गावची. नाशकात तशी नागलीची भाकरी मिळत नाही, अशी तिची तक्रार असे. हळूहळू सरांची मागणी तुकड्या-तुकड्याने येऊ लागली. सवितानेही कधी एकत्र पाठवा म्हटलं नाही.

मग नव्या सॉफ्टवेअरची निविदा निघाली. मसुदा सविताकडे होता. तिने एक अट घातली: फाइल खुल्या स्वरूपात जतन झाली पाहिजे आणि कुणाच्याही प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी उघडली पाहिजे. विक्रेत्यांनी बैठकीत कुरकुर केली.

"ही अट हवीच का?" तिचे वरिष्ठ शेखर साहेब यांनी विचारलं.

"हवी, साहेब. उद्या विक्रेता बदलला तर आपलेच कागद आपल्याला वाचता येणार नाहीत. आणि गावातल्या शाळेने आपल्याला पत्र लिहायला महागडं सॉफ्टवेअर का घ्यावं?"

साहेबांनी अट ठेवली.

नवं सॉफ्टवेअर बसलं. सरांची फाइल स्वच्छ उघडली, वेलांटी न् वेलांटी जागेवर. तिने आनंदाने फोन केला.

"बरं झालं," सर म्हणाले. आवाज मात्र पडलेला होता.

त्यानंतर फायली येत, उघडत, मंजूर होत. फोन येईना. साहेबांनी कामाचं कौतुक केलं, तरी सविताला करमेना. शेवटी तिनेच नंबर लावला.

"फाइलमध्ये काही चुकलं का?" सरांनी विचारलं.

"नाही. सगळं दिसतंय."

"मग?"

"असाच केला."

"रविवारी नाशकात येतोय," सर म्हणाले. "काम काही नाही."

"या ना."

रविवारी ती स्टँडवर लवकरच पोचली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पेठची बस लागली, माणसं उतरली.

"मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं.

वळण्याआधीच तिने आवाज ओळखला.

"सविता म्हणा," ती म्हणाली.