गोंड्यावरची पावडर

“साहेब, तुमी आमाला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं दाबून ठिवलं!”

गवराबाईचा आवाज चाकणच्या भर बाजारात असा फुटला, की कांद्याच्या ढिगापाशी घासाघीस करणारे दलालही माना वळवून बघू लागले. चिंचेखाली सरकारी जीप उभी. जीपच्या मागच्या फळीवर किडे मारायच्या पांढऱ्या पावडरीचे डबे, पुढं शेतकीचे साहेब. नुकतीच त्यांनी चिमूटभर पावडर सगळ्यांदेखत जिभेवर ठेवून दाखवली होती. “बघा, माणसाला काही होत नाही!” पब्लिक खूश. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गवराबाईच्या वाडीचं सगळं शिवार उद्या एकदम धुरळायचं ठरलं, डबे वाटायलाही लागले, आणि तेवढ्यात ही बाई गर्दी कापत पुढं आली.

तिला पावडरीचं वावडं होतं म्हणावं, तर तसंही नाही. उलट साऱ्या वाडीत पावडरीचं कौतुक तिच्याइतकं कुणी केलं नसेल. मलेरियावाल्यांनी हीच पावडर कालवून भिंतींवर फवारा मारला तेव्हा घरातले मेलेले ढेकूण सुपानं भरून टाकले होते तिनं. नवऱ्याला, बाळाजीला, रात्रभर खाजवायचं कामच उरलं नाही. म्हणून कांद्यासाठी पावडर आली तेव्हा पहिला डबा हिचाच. जुन्या लुगड्याच्या फडक्यात पावडर बांधली आणि वाफ्यावाफ्यातून झटकत सुटली. पातीवर पांढरे चट्टे पाडणारा बारीक किडा दोन दिवसांत पार झडला. बाई नुसती नाचायची राहिली! त्याच भरात तिनं बियाण्यासाठी राखलेल्या रानाच्या तुकड्यावरही फडकं झटकलं.

तिथंच सगळं फिसकटलं.

वाडीला कांद्याचं बी पुरवायची ती गवराबाईच. निवडक लाल कांदे पुन्हा लावायचे, त्यांना उंच डेंगळे फुटतात, डेंगळ्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोल गोंडे येतात. त्या गोंड्यांवर मधमाश्या लोळल्या, की आत काळं बी धरतं. माश्या नाहीत तर बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या साली अख्ख्या वाडीनं लावायचं काय?

पावडर मारल्यावर तुकड्यातली घूंघूं बंद झाली. डेंगळ्यांच्या बुडाशी माश्या पडल्या होत्या, पाय पांढरे झालेल्या. आधी तिला वाटलं, उन्हानं मेल्या असतील. गोंडे वाळले तेव्हा तिनं एक हातावर चोळला, मग आणखी चार चोळले; एकातही बी नव्हतं.

मागून लावलेला दुसरा तुकडा होता. तिथं पावडर पुरली नाही, म्हणून बाळाजीनं तंबाखू उकळून तिचं पाणी शिंपडलं होतं. तिथंही काही माश्या मेल्या, पण चार दिवसांनी दुसऱ्या येऊ लागल्या. तो तुकडा आता ऐन फुलात होता. उद्याच्या धुरळणीत तोही जाणार होता.

“वैनी, माश्यांचा पुळका आला व्हय?” गर्दीतून बबनराव ओरडला. वाडीत सगळ्यात जास्त कांदा त्याचा, आणि दोन डबे त्याच्या काखेत. “आमच्या बाळाजीदादानं तंबाखूचा काढा केला, तर किडा उभा न् दादाच आडवा!”

हशा पिकला. गवराबाईनं तो संपू दिला नाही.

“झाला आडवा! उघड्या हातानं ढवळलं, गरगरलं, दिसभर ओकत व्हता. मी कुटं म्हनते तंबाखू म्हंजी तीर्थ हाय? त्येबी इखच. पन त्येचं इख आमाला ठावं झालं. ह्येचं कोन सांगनार?” ओटीतून तिनं मूठभर वाळके गोंडे काढले, चोळले आणि सगळा चुरा बबनरावच्या तळहातावर ओतला. “घ्या, भावजी. पेरा पुढल्या साली.”

बबनरावनं फुंकर मारली. सगळा कोंडा उडून गेला, हातावर एक दाणा राहिला नाही. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“आरं तिच्या मायला!” तो पुटपुटला. “साहेब, फुलावर मारायची नसती काय ही?”

साहेब बावचळले. माणूस वाईट नव्हता. त्याला वरून डबे दिले होते, डब्यांबरोबर अक्कल दिली नव्हती. पावडर गावोगाव पोचवायला सरकारला जीप मिळाली, ती कुठंवर मारते हे शोधायला माणूस मिळाला नाही. “मला... पिकावर मारा, एवढंच सांगितलंय,” ते म्हणाले. “माश्यांचं कुणी बोललं नाही.”

“मग पातीचं तरी बोलले का?” मागून सुभद्राबाई पुढं घुसली. ती गवराबाईच्या रानात खुरपायला असायची. “खुरपताना दाटीतनं इरळून काढलेली कांद्याची पात आमी रोज घरी न्हेतो. सांच्याला तीच भाजी, तीच भाकरीसंगट.”

“धुऊन खात जा,” साहेब म्हणाले.

“किती येळा धुवायची? दोन पान्यानं धुतली तरी वास येतोय की!”

आता बाया एकदम कालवा करू लागल्या. कुणी म्हणे आमची कोंबडी लुळी पडली, कुणी म्हणे ती म्हातारीच होती. बबनरावनं दोन्ही डबे जीपच्या फळीवर आणून आदळले. “उद्याची धुरळणी ऱ्हाऊ दे!” तो गरजला, आणि त्याच्या मागं आणखी डबे खणाखण परत येऊ लागले. गवराबाई परत येणारे डबे मोजत राहिली. बी वाचलं! पण पात? ती तर चार घरांतल्या चुलींवर या घडीलाही शिजत असेल.

साहेब ड्रायव्हरला खूण करून जीपमध्ये चढले. “वर विचारून कळवतो, बाई.”

गवराबाई जीपच्या तोंडासमोर मातीत फतकल मारून बसली. तिच्या शेजारी सुभद्राबाई, मग आणखी दोघीतिघी.

“कवा कळवनार? पोरांची पोटं थांबत न्हाईत, साहेब. पावडर मारलेली पात किती दिसांनी त्यांच्या ताटात वाढायची? का वाढायचीच न्हाई? तुमच्या वरच्याला ठावं असंल तर त्येला हितं आना, न्हाईतर ठावं न्हाई म्हनून सगळ्यांदेखत सांगा. बोला!”