रद्द केलेली दुसरी तपासणी

दिवसातून तीस-चाळीस वेळा मी संगणकावर 'रद्द' दाबते. आमच्या लॅबचा तसा नियमच आहे. शरीर स्वतःवर उलटलंय का हे बघायचं, तर आधी काचेवरची तपासणी. काचेला पेशी चिकटवलेल्या असतात. त्यांवर पेशंटच्या रक्तातला पातळ भाग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. हिरवं चमकलं, तर नको त्या अँटिबॉडी आहेत. नाही चमकलं, तर 'निगेटिव्ह' लिहायचं. मग डॉक्टरांनी नेमकी अँटिबॉडी शोधणारी दुसरी तपासणी लिहिलेली असली, तरी ती रद्द. किट वाया का घालवा?

इथेच घोडं पेंड खातं. 'रो' नावाची एक अँटिबॉडी काचेवर कधीकधी दिसतच नाही. हे मी लॅबच्या साहेबांना दोन वर्षांत चारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी सांगायचं सोडलं आणि मुकाट्याने बटण दाबत राहिले.

आज सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला पाचवा महिना. वर्षभर तिचं तोंड कोरडं पडतं, डोळे खुपतात, बोटं आखडतात. सासूबाईंच्या मते ती लाडावलेली आहे, नवऱ्याच्या मते मोबाइल फार बघते.

"ताई, हॉस्पिटलात रक्त दिलं होतं ना, त्यात काहीच निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, बघ, नाटकं नुसती!"

"मला बोलली नाहीस ती? रिपोर्टचा फोटो पाठव."

फोटो आला. हॉस्पिटलने नमुना आमच्याच लॅबला पाठवला होता. आमच्याकडे नळ्या नंबराने येतात, नावाने नाही. पहिली तपासणी निगेटिव्ह. दुसरी, रोची: 'आवश्यकता नाही'. खाली सही माझी.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडायचं कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. आईच्या रक्तातली रो बाळापर्यंत पोचते आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावते. म्हणून याच महिन्यांत ठोक्यांवर नजर ठेवावी लागते. डॉक्टरांनी उगाच नव्हती लिहिली दुसरी तपासणी.

मी साहेबांच्या खोलीत घुसले आणि बहिणीची रोची तपासणी लावू द्या म्हटलं.

"डॉक्टरांची नवी चिठ्ठी आण," ते म्हणाले.

"जुनी होती की! आपणच रद्द केली."

"नियमाने केली. एकीसाठी नियम मोडला, तर उद्या सगळे रांग लावतील."

"लावू देत ना! आजारी माणसं आहेत ती, फुकटचा तमाशा बघायला येत नाहीत."

"बहीण आहे म्हणून तुझा जीव वरखाली होतोय."

खरंच होतं ते, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. परक्यांसाठी चारदा सांगितलं तेव्हा मी एकदाही आवाज चढवला नव्हता.

नमुने आम्ही सात दिवस ठेवतो. तिच्या नळीचा आज सातवा दिवस. फेकायच्या ट्रेमधून ती मी उचलली आणि कोणाला न विचारता तपासणी लावली. या तपासणीत कागदी पट्टीवर एकेका अँटिबॉडीची रेघ उमटते. माझं चुकू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं. दोन तासांनी रोची रेघ उमटली, चांगली काळीकुट्ट.

पट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन लावला. तिला ताबडतोब पाठवा, बाळाचे ठोके बघू, असं डॉक्टर म्हणाले.

मी बहिणीला फोन केला. "तुझ्या रक्तात दोष निघालाय. रो म्हणतात त्याला. तोंड कोरडं पडतं, बोटं दुखतात, ते त्यानेच."

ती हसायला लागली. हसता हसता रडली. "म्हणजे खरंच दुखत होतं ना गं मला? सासूबाईंना फोन देऊ? तूच सांग त्यांना!"

"नंतर सांगू. तू आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा. बाळाचे ठोके बघायचेत."

हसणं थांबलं. "बाळाचे? का?"

मी सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं.

"पण आठवड्यापूर्वीच दिलं होतं ना रक्त? मग तेव्हा काही नाही असं कोणी लिहिलं?"

"मी."



"मी निघते," ती म्हणाली. "तू नको येऊस, ताई."